जत्रेची गोळी

मंगलच्या हाताला गुण आहे असं सारी आळी म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, मंगललाही ते मनातून पटलेलं होतं. कांदे काढून कंबर धरलेल्या बाया, पाय मुरगळलेली पोरं, बाळंतिणी, म्हातारे, कुणीही यावं. मंगल कोमट तेलाची वाटी घेऊन बसायची आणि अंगठ्यानं अशी नस दाबायची की माणूस आधी बोंबलायचं आणि मग हसत घरी जायचं. त्याचं ती कधी काही घेत नसे. मान तेवढा घ्यायची.

दुसरा मान होता जत्रेच्या गोळीचा. निमगाव सावाच्या देवीची जत्रा चैत्रात, आणि नैवेद्याचा मान मंगलच्या सासरचा. त्या दिवसांत घरातल्या बाईला विटाळ आला की सगळंच अडायचं. सासूच्या काळी अशा बाईला मळ्यातल्या छपरात पाठवत. मग कधीतरी पाळी पुढं ढकलायची गोळी निघाली आणि बायांनी हुश्श केलं. नारायणगावच्या मेडिकलात नुसतं 'जत्रेची गोळी द्या' म्हणायचं, दुकानदार खाली मान घालून कागदात गुंडाळून द्यायचा. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. मंगल तांदळाच्या डब्यात पाकिटं ठेवायची आणि जत्रा, गौरी, घट, पूजा जवळ आली की साऱ्या भावकीला तीच पुरवायची. तिला कुणी औषध म्हणतच नव्हतं. औषध आजारी माणसानं घ्यायचं. ही गोळी म्हणजे देवाचं काम. लक्षात ठेवा हे, कारण पुढं सगळं ह्याच्यावरच येऊन पडलं.

मंगलची एकुलती एक पोर इंद्रायणी. घरात इंदू. बापाच्या, चिमाजीच्या, डोक्यावर कोपर टेकवील एवढी उंच. शाळेत असल्यापासून व्हॉलीबॉल खेळायची, आणि पीटीचे भोर सर त्या पोरीसाठी जीव टाकायचे. दोन हजार चार-पाचच्या सुमारास भोर सरांच्या कानावर आलं की समुद्रावरचा वाळूतला व्हॉलीबॉल आता राज्य पातळीवर खेळवतायत, आणि त्यात पोरींच्या जोड्या कमी आहेत. सर म्हणाले, पुण्याच्या पोरींकडं मैदानं असतील, वाळू कुठाय? आमच्याकडं अख्खी कुकडी पडलीय. धरणाचं पाणी बंद झालं आणि नदी आटली की सर पात्रात चुन्याच्या रेघा मारायचे, बांबूंना जाळी बांधायचे. पाणी सुटलं की मैदान वाहून जायचं. पाणी ओसरलं की सर पुन्हा चुना घेऊन हजर.

इंदूची जोडीदार स्नेहल. ती मूळची पेठची, शिकायला मामाकडं निमगावात राहिलेली. अंगानं बारीक, पण चेंडू असा उचलून द्यायची की इंदूनं नुसतं हाणायचंच बाकी. मातीवरच्या दोन उड्यांचा दम वाळूवर एका उडीत जातो, सर सांगायचे. पाय घोट्यापर्यंत रुततो, वाळू ताकद गिळून बसते. आणि ह्या खेळात दोघीच. एक दमली तर दुसरी आत, असला प्रकार नाही, बदली खेळाडूच नसतो. एक खाली बसली की दुसरीचाही खेळ संपला.

हे नाशिकला कळलं होतं. तिथल्या निवडीला गेल्या आणि सामन्याच्या सकाळीच इंदूची पाळी आली. पोटात कळा, पायात जीव नाही, आणि सांगायचं कुणाला, बरोबर भोर सर. सर विचारतायत काय होतंय, ही म्हणतेय काही नाही. दुसऱ्या डावात इंदू वाळूत बसली ती उठलीच नाही. दोघी हरून घरी आल्या. स्नेहल रडून मोकळी झाली, इंदू मात्र कितीतरी दिवस कुणाशी धड बोलली नाही.

चिमाजी वाईट माणूस नव्हता. पण पोर एकोणीस ओलांडून गेली, मंचरचे पावणे बघून गेलेले, आणि भावकीत बोलणी सुरू झालेली की चड्डी घालून नदीत उड्या मारते. त्यानं जेवता जेवता सरळ सांगून टाकलं. यंदा राज्याच्या संघात नाव लागलं तर तो मंचरकरांना नकार कळवणार, पोरीला खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जाऊ देणार. नाही लागलं तर चेंडूला पुन्हा हात लावायचा नाही, ज्येष्ठात अक्षता. इंदूनं मान हलवली. तिला पोलिसात जायचंच होतं, आणि ते एवढ्या एका निवडीवर येऊन ठेपलं होतं.

जत्रेच्या आधी मंगलनं नेहमीसारखी इंदूला गोळी सुरू केली. नैवेद्य झाला, पालखी झाली, आता थांबवायची तर पुढं तोंडावर पुण्याची चाचणी. आणि मंगलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देवाला चालतं ते खेळाला का चालू नये? आपल्याला हे आधी कसं नाही सुचलं म्हणून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर एक. स्नेहललाही घरी बोलावून ओंजळभर पाकिटं दिली. म्हणाली, तू पण घे गं, दोघींचं एकदमच निभंल.

आणि निभलं की! इंदूला मळमळायचं, चेहरा जरा सुजल्यासारखा दिसायचा, पण पाळीचा ताप नाही. पुण्यात दोघींनी अशा काही पोरी लोळवल्या की भोर सर मैदानाबाहेर लहान पोरासारखे नाचले. निवडक जोड्यांना कोकणात समुद्रावर शिबिराला बोलावलं. बरोबर घरची बाई हवी, अशी चिमाजीची अट. मग मंगल निघाली, पाकिटं पिशवीत घालून.

समुद्राची वाळू कुकडीसारखी नव्हती. भुसभुशीत आणि भाजणारी. सकाळी पळायचं, दुपारी उड्या, उन्हं कलली की सामने. पोरींचे पाय संध्याकाळी थरथरायचे आणि मंगल ओळीनं सगळ्यांच्या पोटऱ्या चोळून द्यायची. दोन दिवसांत साऱ्या शिबिराची ती काकू झाली. हे सगळं आपल्या गोळीमुळं आणि आपल्या हातामुळं चाललंय, असं तिच्या मनात यायचं, आणि तिला फार बरं वाटायचं.

त्या शिबिरात पुण्याची एक डॉक्टरीणबाई कसल्याशा अभ्यासासाठी आली होती, बर्फाची पेटी घेऊन. सामन्याच्या आधी आणि नंतर पोरींनी छोट्या बाटलीत थुंकायचं आणि बाई ती बाटली बर्फात ठेवणार. पोरी खी खी हसायच्या. बाई समजावून सांगायच्या की जिंकायची ईर्ष्या चढली, भीती वाटली, अंग फार शिणलं, की शरीर आतल्या आत वेगवेगळे रस सोडतं. त्यांना हार्मोन म्हणतात आणि ते थुंकीतसुद्धा सापडतात. बायकांच्या अंगातले रस महिन्याच्या महिन्याला खालीवर होतात, म्हणून प्रत्येकीला आधी थोडं विचारावं लागतं. मंगलला ऐकून नवल वाटलं. थुंकीत काय ठेवलंय, असंही वाटलं.

थुंकायला इंदूचा नंबर आला तेव्हा मंगल शेजारीच उभी होती, आणि भोर सर बर्फाची पेटी धरून दोन हातांवर. बाईंनी विचारलं, कसलं औषध चालू आहे का? मंगलनं नाही सांगितलं, आणि ते तिच्या लेखी खरं होतं. मग बाईंनी आवाज हळू करून विचारलं, पाळीच्या वगैरे काही गोळ्या?

आता काय सांगावं? सर समोर. सकाळीच शिबिरात कुजबुज झालेली की कुठल्याशा जिल्ह्याच्या पोरीच्या बॅगेत कसलंसं बंदीचं औषध सापडलं आणि तिला घरी धाडलं. घरी धाडलं म्हणजे ज्येष्ठात अक्षता. आणि असलं बाहेरच्या माणसाला सांगायचं असतं का?

"न्हाई बाई," मंगल म्हणाली. "आमच्यात असलं काय नसतं."

इंदूनं आईकडं पाहिलं. मग बाईंकडं बघून तिनंही मान हलवली आणि बाटलीत थुंकली.

शिबिर संपलं. शेवटची निवड पुण्यात, आठवड्यानं. परतीचा सगळा दिवस एसटीत गेला, तापलेला पत्रा आणि गुडघे पुढच्या बाकड्याला टेकलेले. पोरीबाळींनी प्रवासात पाणी प्यायचं नाही, हे तर आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. उतरायचं कुठं, जायचं कुठं? मंगलनंच ते शिकवलेलं. इंदूनं घोटभर पाण्यानं नुसती चूळ भरली.

घरी आली ती डावा पाय ओढतच. पोटरी टम्म झालेली, हाताला गरम लागणारी, वर लालसर झाक. भोर सर बघून म्हणाले, वाळूनं गोळा आलाय, होतं असं, दोन दिवसांनी सुटेल. मग काय, हात कुणाचा आहे घरात? मंगलनं करडईचं तेल कोमट केलं, पोरीचा पाय मांडीवर घेतला. बोटांना आत गाठ लागली. गाठ मोडली पाहिजे, हे तिचं ठरलेलं. तिनं अंगठा रोवला आणि घोट्यापासून गुडघ्याकडं जोर लावून रेटत नेला.

"आई, ह्यो गोळा न्हाई गं," इंदू म्हणाली. "गोळा मला कळत न्हाई व्हय? हे आतून ठणकतंय."

मंगल तिला गप पड म्हणाली. संध्याकाळी चोळलं, पुन्हा सकाळी चोळलं. सकाळी इंदूनं पाय टेकून बघितला आणि उतार पडलाय असं सांगितलं. खरंच पडला होता की निवडीच्या धास्तीनं म्हणाली, देव जाणे. मंगलला आपलं बरंच वाटलं. तिनं गोळी दिली, पोरीनं गिळली आणि जाळीचं बोचकं घेऊन नदीला गेली.

मंगल ताकाचा तांब्या घेऊन मागून पोचली तेव्हा खेळ चाललेला होता. स्नेहलनं चेंडू वर उचलून दिला. इंदू धावत आली, दोन्ही हात मागं गेले, पण उडी काही झाली नाही. ती जाळीखाली उभी राहिली, चेंडू तिच्या शेजारी पडला. मग ती खाली बसली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, दम लागतोय. तोंड पांढरं पडलेलं, ओठ निळे. भोर सरांनी तिला पाठीवर घेतलं आणि वाळूतून पळत सुटले. पाय रुततायत, पडतायत, उठतायत. रस्त्यावर टोमॅटोची जीप मिळाली. मंगल पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिचे पाय चोळत राहिली. नारायणगावचा दवाखाना दिसायच्या आतच इंदू गेली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मंगलला बाजूला घेऊन विचारलं, ती काय घेत होती? आता मंगलनं सगळं सांगितलं, आता कशाची लाज.  त्यानं शांतपणे सांगितलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असणार, ती सुटून छातीत जाऊन अडकली. एवढे दिवस त्या गोळ्या, अंगात पाणी नाही, प्रवासभर पाय दुमडलेला, वरून ती मेहनत. नेमकं कशानं, ते छातीठोक सांगता येत नाही. असा पाय चोळायचा मात्र नसतो. मंगलनं आपले हात पदराखाली घेतले.

चिमाजीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बाहेर भोर सरांची गचांडी धरून उभा होता.

गावानं आपापसात ठरवूनच टाकलं. वाळूनं पोर खाल्ली. बायकांचं अंग असल्या खेळाला नसतं, मास्तरानं हट्टानं पोरीचा जीव घेतला. सर मातीला आले तर त्यांना वेशीवरून परत धाडलं. त्यांच्या बदलीचा अर्ज करायचा म्हणून पारावर बैठका सुरू झाल्या, आणि नदीतल्या त्यांच्या मैदानाची वाळू ट्रॅक्टरवाल्यांनी भरून नेली. मंगल घरात बसून सगळं ऐकत होती. खरं काय ते सांगावंसं वाटायचं, आणि ती उठून भांडी घासायला लागायची. लोकांनी तिला काय केलं असतं? काहीच नाही. तरी तिला भीती वाटायची, चिमाजीच्या नजरेची.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी चुलत जाऊ सारजाबाई येऊन टेकली. आधी डोळे पुसले. मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाली की घरात पूजा घातलीय आणि सुनेचे दिवस नेमके त्याच वेळी येतायत, डब्यात असतील तर दे.  मंगलनं पहिल्यांदाच कुणापुढं डॉक्टरचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, गोळीचं, चोळण्याचं, सगळं. 

सारजाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू नगं असं मनाला लावून घिऊ. आमी सगळ्यांनी खाल्ल्या, कुणाला काय झालं? पोरीला वाळूनं नेलं." आणि लगेच म्हणाली, "चारच दिवसांच्या दे. मी काय म्हैनाभर न्हाई देत तिला."

मंगलनं डबा पुढं ओढला. द्यायला नव्हे, चुलीत घालायला. तांदळात हात घातला आणि पाकिटं हाताला लागली तसं तिला आठवलं. ओंजळभर पाकिटं स्नेहलकडं आहेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आपणच सांगितलंय. ती पोर आता पेठला आईबापाकडं परत गेलीय, आणि गोळ्या संपेपर्यंत घेत बसली असेल. मंगल तशीच उठली. डबा उघडा, सारजाबाई बसलेली, आणि ही नेसत्या लुगड्यानिशी एसटीच्या थांब्याकडं. पोर गेलेली बाई अशी कुठं निघाली म्हणून लोक बघत राहिले.

नारायणगावला गाडी बदलली, मंचर गेलं, अवसरीचा घाट चढून गाडी पेठला लागेपर्यंत ती देवीला एकच विनवत होती. तेवढी ती एक पोर राहू दे. ह्या एवढ्या दिवसांत तिनं देवीकडं मागितलेलं ते एवढंच.

स्नेहल ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मंगलला बघून सूप हातातून खाली ठेवलं. धडधाकट होती. मंगलनं दम घेतला न घेतला तोच तिच्या दोन्ही पोटऱ्या हातानं चाचपल्या आणि विचारलं, गोळ्या घेतेस का अजून? स्नेहलची आई पाणी आणायला आत गेली होती. स्नेहल हळूच म्हणाली की तिनं त्या शिबिरातच टाकून दिल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला नळावर गाठून विचारलं होतं. तिनं खरं सांगितलं. मंगलकाकूंचं नाव मात्र घेतलं नाही. बाई म्हणाल्या, आजच बंद कर, डॉक्टरला न विचारता इतके दिवस ह्या घ्यायच्या नसतात, पाय सुजला किंवा दम लागला तर ताबडतोब दवाखाना गाठ. घरी कुणी पाठवलं नाही, कुणी रागावलंसुद्धा नाही.

 मंगल ओट्याला टेकून बसली. "मग इंदूला न्हाई सांगितलंस?"

स्नेहल रडायला लागली. "सांगितलं काकू. त्याच सांजेला सांगितलं. चल म्हणलं, तू पण बाईंना सांग. ती म्हणली, आईनं बाईंपुढं न्हाई म्हणलंय. आता मी व्हय म्हणले तर आई खोटी पडंल, सरांपुढं, सगळ्यांपुढं. थोड्याच दिवसांचा प्रश्न हाये, म्हणली."

पाण्याचा तांब्या घेऊन स्नेहलची आई बाहेर आली. मंगलनं पाणी घेतलं नाही.

निमगावला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. पारावर बैठक बसलेली, चिमाजी मधोमध, भावकीतला गेणभाऊ अर्ज वाचून दाखवत होता. बायामाणसं त्या पारावर कधी जात नाहीत. मंगल डोक्यावरचा पदर पडलेला तशीच त्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"सरांनी काय न्हाई केलं," ती म्हणाली. "त्या बाईनं मला तोंडावर इचारलं व्हतं. मी न्हाई म्हणले."

कोण बाई, काय विचारलं, कुणाला काही उमगेना. तिनं पुन्हा तेच सांगितलं, मग पुन्हा. गेणभाऊनं अर्जाची घडी केली आणि हळू आवाजात म्हणाला, पोरीचं डोक्यात गेलंय बिचारीच्या, घरी न्या. चिमाजी उठला. त्यानं तिचा दंड धरला, तोही अगदी मायेनं, आणि तिला चालवत घराकडं नेलं. वाटभर ती तेच सांगत होती, आणि तो व्हय व्हय म्हणत होता.

सारजाबाईच्या दारावरून जाताना मंगल थांबली. ओसरीत सून उभी होती. सारजाबाईनं पदराच्या गाठीतून काढून तिच्या तळव्यावर काहीतरी ठेवलं, आणि सुनेनं ते तोंडात टाकून वर तांब्या लावला. मंगल ओसरीकडं वळली. चिमाजीनं तिला हळूच पुढं ओढलं.